मुदत सरलेलीं यंत्रें

सन २०२५ च्या खंडेनवमीस, म्हणजे १ ऑक्टोबर रोजीं, आमच्या कॉलेजांतील संगणकांची रीतीप्रमाणें पूजा झाली. प्रयोगशाळेच्या सेवकानें पडद्यांवरील धूळ पुसली, प्रत्येक यंत्रावर हळदकुंकवाचें बोट उमटविलें, झेंडूचें एकेक फूल ठेविलें आणि नारळ फोडून खोबरें वांटलें. शेतकऱ्यानें नांगर पुजावा, सोनारानें हातोडी पुजावी, त्याच भावनेनें शाळा-कचेऱ्यांतून आतां हें यंत्र पुजिलें जातें, आणि त्यांत हंसण्यासारखें आम्हांस कांहीं वाटत नाहीं. परंतु या पूजेनंतर बरोबर तेराव्या दिवशीं, १४ ऑक्टोबर रोजीं, त्या यंत्रांत नांदणारी जी विंडोज १० नांवाची कार्यप्रणाली, तिच्यावरील आपला हात तिच्या निर्मात्यांनीं काढून घेतला. दुसऱ्या दिवशीं यंत्रें नेहमीप्रमाणें सुरू झालीं. फुलें तेवढीं सुकून गेलीं होतीं. मग त्या दिवशीं घडलें तें काय, आणि त्याबद्दल कोणीं कोणास काय जाब विचारावा, या प्रश्नानें आमचा पिच्छा पुरविला. प्रश्न वरवर यंत्रशास्त्राचा दिसतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे, आणि ज्या घरांत एखादा जुना संगणक अभ्यासाच्या मेजावर बसलेला आहे त्या प्रत्येक घराचा आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि माणूस यांच्यामधील कारभारी. दाबलेलें अक्षर पडद्यावर आणणें, लिहिलेलें कोठें ठेवावयाचें तें ठरविणें, बाहेरच्या जगाशीं दळणवळण राखणें, हीं सारीं कामें तो करतो. हा कारभारी कोट्यवधि ओळींच्या लिखाणाचा बनलेला असतो, आणि एवढ्या लिखाणांत चुका राहावयाच्याच. त्या चुकांच्या फटींतून चोरास घरांत शिरतां येतें. म्हणून निर्माते दर महिन्यास नव्या फटी हुडकून त्या बुजविणारीं ठिगळें पाठवीत असतात. ‘आधार संपला’ याचा अर्थ इतकाच कीं, हीं ठिगळें यापुढें येणार नाहींत. यंत्र त्यामुळें बंद पडत नाहीं कीं मंद होत नाहीं. मात्र त्यानंतर सांपडलेली प्रत्येक फट उघडी राहते. विंडोज एक्सपीवर ही वेळ ८ एप्रिल २०१४ रोजीं आली, विंडोज ७ वर १४ जानेवारी २०२० रोजीं. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ ला बाजारांत आली होती, म्हणजे तिला दहा वर्षांहून थोडें अधिक आयुष्य लाभलें. घरगुती यंत्रांसाठीं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली. पण ती नोंद करून मागून घ्यावयाची होती, आपोआप मिळणारी नव्हती.

मग जुन्या यंत्रांत नवी प्रणाली कां घालूं नये? खरी अडचण येथेंच आहे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आलेल्या विंडोज ११ नें यंत्राकडून कांहीं गोष्टी मागितल्या. एक, गुप्त किल्ल्या सांभाळणारी टी.पी.एम. २.० नांवाची सोय. आणि दुसरी, ठराविक पिढीपुढील प्रोसेसर, इंटेलच्या बाबतींत सामान्यतः आठव्या पिढीपासूनचा. ही पिढी २०१७ सालीं जन्मास आली. आमच्या प्रयोगशाळेंतील बावीस यंत्रांपैकीं एकहि या कसोटीस उतरलें नाहीं. त्यांतील सर्वांत नवें यंत्र २०१८ सालीं घेतलेलें होतें. दुकानदाराच्या फळीवर तेव्हां सातव्या पिढीचा माल होता आणि तो नवा म्हणूनच विकला गेला होता.

या बावीस यंत्रांचें काय करावें हें ठरविण्यास प्राचार्यांनीं तिघांची समिति नेमिली, आणि वयाच्या मानानें तिचें अध्यक्षपद आमच्याकडे आलें. वाणिज्य शाखेचे तरुण सहकारी म्हणाले, “सर, हीं सरळ भंगारांत काढूं या. विद्यार्थ्यांची माहिती चोरीस गेली तर जबाब आपणांस द्यावा लागेल.” हेडक्लार्क म्हणाले, “सर, नव्या यंत्रांसाठीं पैसा येणार नाहीं. चालतात तोंवर चालवावीं.” सेवक समितींत नव्हता, तो दाराशीं उभा राहून सारें ऐकत होता. तो आपल्या अहिराणींत एवढेंच म्हणाला, “चालू शे ना, सर.” तिघांच्या बोलण्यांत सत्य होतें, आणि म्हणूनच निर्णय कठीण होता. सेवकाच्या तीन शब्दांत तर सारा प्रश्नच सांठविलेला होता. जें चालू आहे तें मेलें असें ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

आमच्या खानदेशांत पोळ्याला बैलाची पूजा होते. बैल थकला हें त्याच्या चालीवरून धन्यास कळतें. दूर गांवचा कोणी गृहस्थ आधीं तारीख ठरवून ‘अमुक दिवशीं तुझा बैल थकला’ असें कधीं जाहीर करीत नाहीं. संगणकाच्या बाबतींत नेमकें हेंच घडतें, म्हणून साध्या माणसास तो अन्याय वाटतो. ही भावना आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. पण ती तपासून पाहिली पाहिजे. बैल आपल्या बळावर चालतो. कार्यप्रणाली मात्र दर महिन्यास कोणाच्या तरी श्रमांवर सुरक्षित राहते. तिचें मोल आपण एकदांच चुकविलेलें असतें. त्या एका मोलाच्या बदल्यांत परक्या देशांतील माणसांनीं आपल्यासाठीं अनंत काळ राबावें, असें म्हणणें म्हणजे वेठबिगारच मागणें होय. शिवाय विंडोज १० च्या आधाराला शेवट आहे आणि तो कोणत्या तारखेस आहे, हें तिच्या निर्मात्यांनीं म्हणजे मायक्रोसॉफ्टनें बऱ्याच वर्षांपूर्वीं जाहीर केलें होतें. तारीख सांगून जाणाऱ्यास पळपुटा म्हणतां येत नाहीं. टी.पी.एम. सारख्या सोयीनें यंत्राची सुरक्षितता वाढते हेंहि खोटें नाहीं. सन १९२४ मध्यें विजेचे दिवे करणाऱ्या बड्या कंपन्यांनीं ‘फीबस’ नांवाचा गट बांधून दिव्याचें आयुष्य जाणूनबुजून हजार तासांवर आणलें; तसला उघड कट या ठिकाणीं दाखवितां येत नाहीं. सुरक्षिततेची चिंता आणि नव्या मालाचा खप हे दोन हेतु येथें एकमेकांत मिसळलेले असावेत, आणि मिश्र हेतु हा मनुष्याच्या बहुतेक व्यवहारांचा स्वभावच आहे.

तर मग निर्माते सर्वस्वीं निर्दोष आहेत काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दोन गोष्टी आम्हांस खटकतात. पहिली अशी कीं, मुदतीची तारीख आधीं सांगितली गेली, परंतु पुढच्या घरांत कोणास प्रवेश मिळणार हें मागाहून, २०२१ सालीं, सांगितलें गेलें. आजवर जुनी प्रणाली गेली तर त्याच यंत्रांत नवी घालतां येत असे, निदान तशी अपेक्षा धरणें वाजवी होतें. २०१८ सालीं जळगांवच्या दुकानांत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकास आपलें यंत्र तीन वर्षांनीं अपात्र ठरणार हें कळण्याचा मार्ग नव्हता. वचन केवळ शब्दांत नसतें. दुसऱ्याच्या मनांत आपण जी वाजवी अपेक्षा वाढूं देतों तिचाहि थोडा भार आपल्या शिरावर येतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती टंकयंत्राच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं देशांत टंकयंत्रें बनविण्यास आरंभ केला आणि या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस तें काम थांबविलें. तरीहि कोर्टकचेऱ्यांच्या आवारांतील यंत्रें त्यानंतर कित्येक वर्षें खडखडत राहिलीं. कारण त्या यंत्रांत दडविलेलें असें कांहीं नव्हतें. फीत, रूळ, स्प्रिंग, अक्षरांचे दांडे सारें डोळ्यांसमोर असे, आणि कोणीहि हुशार मिस्त्री तें उघडून दुरुस्त करूं शके. संगणकाच्या प्रणालीचें मूळ लिखाण मात्र निर्मात्याच्या तिजोरींत बंद असतें. तो स्वतः दुरुस्ती थांबवितो, आणि दुसऱ्या कोणी ती करण्याचा मार्गहि मोकळा ठेवीत नाहीं. हात काढून घेण्याचा हक्क त्याला आहे हें आम्ही मान्य केलें. परंतु जातांना किल्ली बरोबर घेऊन जाण्याचा हक्क आम्हांस तितका स्पष्ट दिसत नाहीं. जो यापुढें ओझें वाहणार नाहीं त्यानें दुसऱ्यास तें वाहूं द्यावें, एवढी अपेक्षा न्यायाची आहे. तारखेनंतर कर्तव्य अजीबात संपतें असें निर्मात्यांसहि मनापासून वाटत नसावें. सन २०१७ च्या मे महिन्यांत मोठें संकट आलें तेव्हां, तीन वर्षांपूर्वीं मुदत संपलेल्या एक्सपीसाठीं त्यांनीं अपवाद म्हणून ठिगळ दिलेंच.

त्या संकटाची हकीकत येथें सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याकडे, म्हणजे वापरणाऱ्यांकडे, बोट दाखविते. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा खंडणीखोर किडा जगभर पसरला. सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांवर यंत्रें त्यानें कुलूपबंद केलीं आणि किल्लीसाठीं पैसे मागितले. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांस हजारों रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. हा किडा ज्या फटींतून शिरला ती बुजविणारें ठिगळ त्याच वर्षीं मार्च महिन्यांत निघालें होतें. बळी पडलेल्या यंत्रांत फार मोठा भरणा विंडोज ७ च्या, म्हणजे मुदतींतल्याच, यंत्रांचा होता. ठिगळ दारांत येऊन पडलें होतें आणि मालकांनीं तें लावलें नव्हतें.

आमच्या लहानपणीं नारूचें भय घरोघर सांगितलें जाई. पायाला नारूची जखम असलेला माणूस पायविहिरींत उतरे, पाणी भरी आणि निघून जाई. त्याच्या मनांत कोणाचें वाईट करावयाचें नसे. परंतु त्या जखमेंतून नारूचीं पिलें पाण्यांत मिसळत, आणि पुढें तें पाणी पिणाऱ्या साऱ्या गांवास रोग होई. हा रोग देशांतून गेला आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तसा दाखला दिला, तो कोणत्याहि लशीनें नव्हे. जखमी पायानें पाण्यांत उतरूं नये, पायऱ्यांच्या विहिरींऐवजीं सुरक्षित पाणी वापरावें, पाणी फडक्यानें गाळून प्यावें, हे साधे नियम गांवोगांव पाळले गेले म्हणून तो गेला. मुदत सरलेलें यंत्र बाहेरच्या जाळ्यास जोडून ठेवणारा मनुष्य जखमी पायानें विहिरींत उतरणाऱ्यासारखा आहे. ‘यंत्र माझें, धोका माझा’ हें त्याचें म्हणणें खरें नाहीं, कारण त्याचें यंत्र ताब्यांत घेऊन चोर शेजाऱ्यावर धाड घालतो. तरुण सहकाऱ्यांची भीति येथें पूर्णपणें रास्त ठरते. काटकसर हा सद्गुण खरा. पण तिचा खर्च नकळत दुसऱ्याच्या माथीं पडत असेल तर तिला काटकसर म्हणूं नये.

मग भंगार आणि हट्ट यांमध्यें तिसरा मार्ग आहे काय? आपल्या आश्रमव्यवस्थेंत गृहस्थाश्रम आणि संन्यास यांच्यामध्यें वानप्रस्थ सांगितला आहे. कर्ता पुरुष एकाएकीं जग सोडीत नाहीं. तो प्रथम व्यवहार आवरतो, किल्ल्या पुढच्या पिढीच्या हातीं देतो आणि मर्यादित जागेंत मर्यादित काम करीत राहतो. जुन्या यंत्रास हीच रीत लावतां येते. मुदत संपण्यापूर्वींच त्यांतील कागद, छायाचित्रें, हिशेब यांच्या दोन प्रती काढाव्या आणि एक घराबाहेर ठेवावी. बँकेचे व्यवहार त्या यंत्रावरून काढून घ्यावे. ज्यास केवळ लिहावयाचें किंवा जुनें वाचावयाचें आहे त्यानें त्याची बाहेरची तार कायमची तोडावी. ज्यास जाळ्याची गरज आहे त्यानें त्यांत मुक्त प्रणाली घालून पाहावी. लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ज्याचा आरंभ केला त्या लिनक्सच्या अनेक आवृत्त्या आज फुकट मिळतात. आपल्या सी-डॅकनें ‘बॉस’ नांवाची एक आवृत्ति काढली आहे, आणि केरळांतील सरकारी शाळांनीं अशाच प्रणालीवर मुलांस शिकविलें आहे. यांनाहि मुदती असतात हें लपवूं नये. पण एक आवृत्ति संपली कीं दुसरी बहुधा त्याच यंत्रांत घालतां येते, आणि मूळ लिखाण उघडें असल्यानें कोणा एकाचें जाणें अखेरचें ठरत नाहीं. जें यंत्र खरोखर थकलें असेल त्यांतील माहिती पुसून तें नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावें. रस्त्यावर तारा जाळून तांबें काढणाऱ्याच्या हातीं तें पडूं नये, कारण जुन्या यंत्रांत शिसें, पारा यांसारखीं विषें असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनीं याची जबाबदारी उत्पादकांवरहि टाकली आहे.

इतकें लिहून आम्ही थांबलों असतों तर हा लेख दुसऱ्यांस उपदेश करणारा झाला असता. परंतु बावीस यंत्रांपैकीं एकानें आम्हांस आमची जागा दाखविली. आमचे एक सहकारी, जे आज हयात नाहींत, धुळें आणि जळगांव जिल्ह्यांतील खेडींपाडीं हिंडून अहिराणींतील बायकांचीं गाणीं टिपून घेत. जात्यावरच्या ओव्या, लग्नांतलीं गाणीं, श्रावणांतल्या कानबाईचीं गाणीं असा तो संग्रह होता. गेल्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं तो संगणकावर उतरविला. त्या काळीं प्रत्येक मराठी अक्षरसंच आपापल्या सोयीनें रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसवी; त्यामुळें तो संच नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर उघडला तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरी होती, पण आमच्या मेजांपर्यंत ती पोंचण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. सेवानिवृत्त होतांना त्या सहकाऱ्यांनीं आम्हांस सांगितलें होतें, “हें नव्या पद्धतींत उतरवून घ्या, सवड काढून.” आम्ही म्हणालों, “पुढच्या सुटींत.” अशा सुट्या बऱ्याच आल्या आणि गेल्या.

समितीच्या निमित्तानें तें यंत्र उघडलें तेव्हां दिवाळीच्या सुटींत एका विद्यार्थिनीनें बसून एकेक फाईल नव्या अक्षरांत उतरविली. एकेचाळीस फायलींपैकीं अडतीस वाचतां आल्या. तीन उघडल्याच नाहींत. चकतीचा तो भाग निकामी झाला होता. त्यांत काय होतें हें सहकाऱ्यांच्या हस्तलिखित सूचीवरून कळतें: कानबाईच्या रोटांच्या वेळचीं गाणीं, एका वृद्धेनें सांगितलेलीं. ती वृद्धा आज नाहीं. या नुकसानीचा १४ ऑक्टोबरशीं कांहीं संबंध नाहीं. विंडोज १० च्या आधाराचीं दहाहि वर्षें आमच्या हातीं होतीं, आणि त्यापूर्वींचीं अनेक वर्षेंहि होतीं. दूरच्या निर्मात्यास जाब विचारण्याच्या भरांत जवळचा कर्जदार कोण हें आम्ही विसरलों होतों.

धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नांवाचें संशोधन मंडळ आहे. राजवाड्यांनीं १९२६ सालच्या अखेरच्या दिवशीं त्याच शहरीं देह ठेविला. त्यापूर्वीं त्यांनीं गांवोगांव पायपीट करून वाळवीच्या आणि रद्दीच्या तोंडून मोडी दप्तरें सोडविलीं, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ खंडशः प्रसिद्ध केलीं. त्याच धुळ्यांत शंकर श्रीकृष्ण देव यांनीं समर्थ संप्रदायाचीं हस्तलिखितें गोळा केलीं. तीं समर्थ वाग्देवता मंदिरांत सांभाळलेलीं आहेत. मोडीचाहि आधार एके काळीं संपला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळांतून उठली, आणि आज एका सुशिक्षित घरांत पणजोबांचें खतपत्र निघालें तर तें वाचणारा त्या घरांत सहसा सांपडत नाहीं. तरीहि मोडी कागद मुके झाले नाहींत, कारण मूठभर माणसांनीं ती लिपि शिकून घेतली आणि पुढच्यांस शिकविली. संगणकांतील मजकुरास ही सवलत कमी आहे. कागद शंभर वर्षें पेटींत पडून वाट पाहूं शकतो. चकतीवरील लिखाण दर पांचदहा वर्षांनीं कोणीतरी उचलून पुढच्या घरांत नेलें नाहीं तर तें नकळत जातें. तेव्हां आधार हा शब्द आपण केवळ निर्मात्याच्या संदर्भांत वापरतों तो अपुरा आहे. निर्मात्याचा आधार तारखेनें संपतो. वारसाचा आधार तारीख नसलेला असतो, आणि म्हणूनच तो चुकविणें सोपें जातें.

समितीचा अहवाल अखेर एकमतानें झाला. पंधरा यंत्रांत मुक्त प्रणाली घातली गेली, आणि विद्यार्थी त्यांवर बिनतक्रार काम करीत आहेत. सहा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे गेलीं. सहकाऱ्यांचा संग्रह ज्यांत होता तें बाविसावें यंत्र जुन्या अक्षरसंचांसह ग्रंथालयाच्या कोपऱ्यांत ठेविलें आहे, आणि त्यावर ‘यास बाहेरची तार जोडूं नये’ अशी चिठ्ठी डकविली आहे. आमच्या स्वतःच्या निवृत्तीसहि आतां फार वर्षें उरलीं नाहींत, आणि ‘पुढच्या सुटींत’ म्हणण्याची चैन आम्हांस परवडण्यासारखी नाहीं. म्हणून अहवालाच्या शेवटीं आम्हीं एक कलम जोडलें: दर वर्षीं खंडेनवमीस पूजेपूर्वीं प्रत्येक यंत्राच्या आधाराची तारीख वहींत लिहावी, आणि त्यांतील कागदांची ताजी प्रत काढून ठेवावी. सेवकास हें कलम वाचून दाखविलें तेव्हां तें त्यास पसंत पडलें. आधीं वही, मग नारळ, असें तो म्हणाला.